वाचकांचे प्रश्न : बँकरप्सीचा वकील, त्याची फी आणि फीत न येणारं बाकी सगळं

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांची या विषयावरची निवडक पत्रं या वेळी घेतली आहेत. बँकरप्सी म्हणजे न फेडता येणाऱ्या कर्जांतून कोर्टामार्फत सुटका. ‘चॅप्टर ७’ मध्ये कायद्याने सूट दिलेली मालमत्ता तुमच्याकडे राहते, बाकीची विकली जाऊ शकते आणि बहुतेक कर्जं माफ होतात; ‘चॅप्टर १३’ मध्ये काही वर्षं हप्ते भरायचे. नावं अर्थातच छापलेली नाहीत. आकडे फेडरल कायद्यातले आहेत. त्यातले जे दर तीन वर्षांनी १ एप्रिलला बदलतात, ते २०२५ च्या बदलानंतरचे दिले आहेत.

नोकरी जाऊन सात महिने झाले. चार क्रेडिट कार्डांवर मिळून ६२,००० डॉलर देणं आहे. घर भाड्याचं, गाडी एकच. तीन वकिलांना फोन केले. पहिला १,२५० डॉलर म्हणाला, दुसरा २,१००. तिसरा म्हणतो, आत्ता एक डॉलरही नको, आपण चॅप्टर १३ करू. पहिलाच घ्यावा ना? — न्यू जर्सी

तिघांनी तीन वेगळ्या गोष्टींचे भाव सांगितलेत, म्हणून ते आधी एका पातळीवर आणू.

पहिल्याला विचारा, १,२५० मध्ये काय येत नाही. बहुधा असं निघेल : कोर्टाची चॅप्टर ७ ची फी ३३८ डॉलर वेगळी. क्रेडिट रिपोर्ट मागवायचे ५० वेगळे. अर्जाआधीचा क्रेडिट कौन्सेलिंगचा कोर्स आणि अर्जानंतरचा दुसरा कोर्स, दोन्ही मिळून समजा ६०. झाले १,६९८. अर्ज गेल्यावर ज्याचे पैसे द्यायचेत असा एखादा राहून गेला हे लक्षात आलं, तर यादी दुरुस्त करायची कोर्टाची फी ३४ आणि वकिलाचे समजा १५०. ट्रस्टीने, म्हणजे तुमची केस तपासायला नेमलेल्या माणसाने, एक कागद अपुरा म्हणून त्याच्यासमोरची मीटिंग पुढे ढकलली, तर दुसऱ्या हजेरीचे २५०. बेरीज २,१३२. दुसऱ्याच्या २,१०० मध्ये हे सगळं धरलेलं असेल तर तोच स्वस्त पडला. धरलेलं नसेल तर नाही. फोनवरच्या आकड्यावरून यातलं काहीच कळत नाही. कळतं ते करारावरून. कायद्याप्रमाणे पहिली सेवा दिल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत वकिलाने लेखी करार द्यायलाच हवा. त्यात कोणती कामं, किती फी आणि ती कशी द्यायची, हे स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. पैसे द्यायच्या आधीच करार मागा आणि ‘यात समाविष्ट नाही’ हा परिच्छेद आधी वाचा.

त्या परिच्छेदात एक गोष्ट जवळपास प्रत्येक वकील बाहेर ठेवतो, ती म्हणजे ‘ॲडव्हर्सरी प्रोसीडिंग’. एखाद्या कार्ड कंपनीने ‘हे कर्ज फसवून घेतलं, ते माफ करू नका’ म्हणून केसच्या आत वेगळा दावा लावला, तर तो लढायची फी तासावर लागते. यात वकिलाला दोष देता येत नाही, कारण असा दावा किती चालेल हे आधी कुणालाच सांगता येत नाही. तो येण्याची शक्यता मात्र तुमच्या हातात असते. अर्जाआधीच्या ९० दिवसांत एकाच कंपनीच्या कार्डावर ९०० डॉलरहून अधिक चैनीची खरेदी, किंवा ७० दिवसांत कार्डावरून १,२५० डॉलरहून अधिक रोख उचल, हे कायदा फसवणुकीचं मानूनच चालतो, आणि तसं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. कार्डं आजपासून कपाटात ठेवा.

आता तिसरे गृहस्थ. ते आत्ता पैसे का मागत नाहीत? चॅप्टर ७ मध्ये वकिलाची अर्जाआधीची थकलेली फी हेही एक कर्जच ठरतं आणि बाकीच्या कर्जांबरोबर माफ होतं. म्हणून चॅप्टर ७ चा वकील पैसे आधी घेतो. चॅप्टर १३ मध्ये तीन किंवा पाच वर्षांची परतफेडीची योजना असते आणि वकिलाची फी त्या हप्त्यांतून जाते. बऱ्याच कोर्टांनी यासाठी ठरावीक आकडा घालून दिलेला असतो. तेवढ्यापर्यंत वकिलाला तासांचा हिशोब द्यावा लागत नाही. धंद्यात त्याला ‘नो-लुक’ फी म्हणतात. समजा ती ४,५०० डॉलर आहे आणि तुमचा हप्ता महिना ४०० डॉलर, पाच वर्षं. एकूण तुम्ही भरणार २४,०००. त्यातून ट्रस्टीचं कमिशन १० टक्क्यांपर्यंत असू शकतं, म्हणजे २,४०० पर्यंत. वकील ४,५००. उरलेलं कार्डवाल्यांना. चॅप्टर ७ मध्ये तुम्ही पात्र असाल, तर हीच कार्डं साधारण चार महिन्यांत संपली असती. शिवाय चॅप्टर १३ मध्ये वकिलाची फी योजनेतून बहुतेक वेळा लवकर चुकती होते. दोन वर्षांनी हप्ता चुकला आणि केस रद्द झाली, तर वकिलाचे पैसे मिळालेले असतात आणि कार्डांचं देणं पुन्हा उभं राहतं.

चॅप्टर १३ वाईट आहे, असं यातून वाचू नका. घराचे हप्ते थकलेत आणि घर राखायचंय, उत्पन्न जास्त आहे, सूट न मिळणारी मालमत्ता आहे, किंवा आधीच्या चॅप्टर ७ चा अर्ज करून आठ वर्षं झालेली नाहीत, तर तोच रस्ता योग्य. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. तेव्हा तिसऱ्या वकिलाला एकच प्रश्न विचारा : ‘मी चॅप्टर ७ ला का पात्र नाही?’ ‘आत्ता पैसे भरावे लागत नाहीत’ हे त्याचं उत्तर होत नाही.

पात्रता ‘मीन्स टेस्ट’वर ठरते. अर्जाच्या महिन्याआधीच्या पूर्ण सहा महिन्यांतल्या उत्पन्नाची सरासरी काढतात आणि तुमच्या राज्यातल्या तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाच्या मध्यम उत्पन्नाशी ती ताडतात. तुमची नोकरी सात महिन्यांपूर्वी गेली, म्हणजे तुमचा पगार त्या खिडकीतून नुकताच बाहेर पडला असावा. सेव्हरन्सची, म्हणजे नोकरी जाताना कंपनीने दिलेली, रक्कम उशिरा मिळाली असेल तर मात्र ती अजून आत असेल. ‘शेवटचा पगार आणि सेव्हरन्स नक्की कोणत्या तारखेला जमा झाले?’ हा प्रश्न तिघांपैकी कुणी विचारला, ते आठवून पाहा. न विचारता ज्याने चॅप्टर सांगितला, त्याने तुमची केस अजून पाहिलेली नाही.

‘झीरो डाउन चॅप्टर ७’ असाही एक प्रकार दिसेल. यात दोन करार असतात : अर्जाआधीचं नाममात्र काम एका करारात आणि अर्जानंतरचं सगळं दुसऱ्यात. दुसऱ्याची फी अर्जानंतरची असल्याने माफ होत नाही. काही कोर्टं हे चालवून घेतात, काही घेत नाहीत. एकूण फी सरळ करारापेक्षा किती जास्त आहे, एवढं बघा.

फीसाठी पैसे नसतील तर बहुतेक वकील हप्ते घेतात आणि शेवटचा हप्ता आला की अर्ज करतात. तोवर कार्डांचे हप्ते थांबवून तेच पैसे वकिलाकडे वळवायला ते सांगतात. वसुली एजन्सीला तुमच्या वकिलाचं नाव कळवलं की तिने तुम्हाला फोन करणं बंद करायचं असतं. पण खरं संरक्षण, म्हणजे वसुली आपोआप थांबवणारा ‘ऑटोमॅटिक स्टे’, अर्ज दाखल झाल्याच क्षणापासून सुरू होतं, त्याआधी नाही. हप्ते आठ महिने रेंगाळले आणि मधेच कार्ड कंपनीने दावा लावून पगारावर जप्ती आणली, तर स्वस्त वकील महागात पडतो. वकील ‘फी क्रेडिट कार्डावर टाका’ म्हणाला तर उठून या. अर्जाच्या तोंडावर नवं कर्ज घ्यायचा सल्ला द्यायला त्याला कायद्यानेच बंदी आहे.

आमच्या गावात बँकरप्सीच्या वकिलांच्या जाहिराती भरपूर आहेत, पण खात्रीचा कोण हे कसं कळणार? मंडळातल्या एका ओळखीच्या वकिलाने आमच्या घराची कागदपत्रं केली होती. तो म्हणतो, हेही करून देतो. — टेक्सास

घराच्या खरेदीचे कागद आणि बँकरप्सी यांचा संबंध दाताच्या डॉक्टरने मोतीबिंदू काढण्याइतकाच. ओळखीचा माणूस म्हणून नाही म्हणणं जड जातं, ते समजतं. त्याला कुणाचं तरी नाव सुचवायला सांगा, म्हणजे नातंही राहतं आणि कामही होतं.

बँकरप्सी हा फेडरल कायदा असला तरी ‘स्थानिक’ या शब्दाला इथे वजन आहे. कोणती मालमत्ता वाचते हे बरंचसं राज्याच्या कायद्यावर ठरतं. टेक्सासमध्ये फेडरल किंवा राज्याची यादी निवडता येते, कॅलिफोर्नियात राज्याच्याच दोन याद्यांतून एक. शिवाय गेली दोन वर्षं, नेमके ७३० दिवस, तुम्ही एकाच राज्यात राहिलेले नसाल तर आधीच्या राज्याचे नियम लागू शकतात. कामासाठी राज्यं बदलणाऱ्यांनी ही तारीख वकिलाला आपण होऊन सांगावी. वर प्रत्येक जिल्हा कोर्टाचे आपापले नियम, चॅप्टर १३ ची आपली छापील योजना, आणि ट्रस्टी ठरलेले. तुमच्या जिल्ह्यात आठवड्याला केसेस टाकणाऱ्या वकिलाला माहीत असतं, कोणता ट्रस्टी बँकेचे किती महिन्यांचे उतारे मागतो.

नावं कुठून काढायची? ‘नॅशनल असोसिएशन ऑफ कन्झ्युमर बँकरप्सी अटर्नीज’ या वकिलांच्या संघटनेची सभासद-यादी पिनकोडनुसार बघता येते. ‘अमेरिकन बोर्ड ऑफ सर्टिफिकेशन’ ही संस्था परीक्षा घेऊन कन्झ्युमर बँकरप्सीचं प्रमाणपत्र देते. तुमच्या राज्यात ‘टेक्सास बोर्ड ऑफ लीगल स्पेशलायझेशन’चंही असं प्रमाणपत्र आहे. प्रमाणपत्र नसलेला वकील वाईट असं नाही. असलेल्याने निदान हाच विषय धरलेला आहे, एवढं कळतं. मग राज्याच्या बारच्या, म्हणजे वकिलांच्या अधिकृत संस्थेच्या, संकेतस्थळावर त्याचं नाव घालून परवाना चालू आहे का आणि शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, ते पाहा. तारांकित अभिप्रायांपेक्षा ही पाच मिनिटं मोलाची.

जाहिरातींबद्दल एक. असं काम करणाऱ्या वकिलाला जाहिरातीत ‘आम्ही डेट रिलीफ एजन्सी आहोत, बँकरप्सीचा अर्ज करायला मदत करतो’ अशा अर्थाचं वाक्य टाकणं सक्तीचं आहे. ते वाचून ही वसुलीवाली कंपनी आहे असं समजू नका. उलट ते कुठेच नसेल तर तो वकील आहे की कर्ज तडजोड कंपनी, हे आधी विचारा.

आता फारसं कुणी न करणारी गोष्ट. वकिलाने अशिलाकडून किती पैसे घेतले किंवा ठरवले, हे त्याला प्रत्येक केसमध्ये कोर्टाला लेखी कळवावं लागतं. तो कागद म्हणजे फॉर्म २०३०, आणि तो सार्वजनिक असतो. काय काम फीत धरलं आहे आणि काय नाही, हेही त्यावर असतं. वकिलाकडून त्याच्या अलीकडच्या दोन-तीन केसेसचे क्रमांक मागा. सार्वजनिक नोंद असल्याने नाही म्हणायला कारण नाही. मग ‘पेसर’ या कोर्टांच्या ऑनलाइन व्यवस्थेत जाऊन फॉर्म वाचा. पानाला १० सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीचा एकूण आकार ३० डॉलरच्या आत राहिला तर तोही माफ. कोर्टाच्या क्लार्कच्या कचेरीतल्या संगणकावर हे फुकट बघता येतं. तुम्हाला सांगितलेला आकडा आणि इतरांकडून घेतलेला आकडा शेजारी ठेवला की बोलणी करायला बळ येतं.

पहिली भेट बहुतेक ठिकाणी फुकट असते. रिकाम्या हाताने गेलात तर मिळणारं उत्तरही फुकटच्या लायकीचं असतं. सहा महिन्यांच्या पगारपावत्या, दोन वर्षांची कर विवरणपत्रं, सगळ्या देण्यांची यादी, गाडीच्या कर्जाचा ताजा उतारा आणि कोर्टाचं काही पत्र आलं असेल तर ते घेऊन जा. विचारायचं एवढंच : कागदपत्रं कोण तयार करणार, तुम्ही की सहायक? ट्रस्टीसमोरच्या मीटिंगला कोण हजर राहणार? ती आता बहुतेक झूमवर होते, आणि मोठ्या जाहिरातीवाल्या कंपन्या त्या दिवशी भलताच वकील जोडून देतात. त्याने तुमची फाइल पाच मिनिटांपूर्वी उघडलेली असते. आणि शेवटी, माझ्या केसमध्ये काय बिघडू शकतं? ‘काहीच नाही’ म्हणणाऱ्याचं नाव यादीतून खोडा.

पुण्यातला फ्लॅट आईच्या पैशातून घेतलेला, पण कागदावर माझंही नाव आहे. शिवाय लग्नातलं सोनं आहे. वकिलाला हे सांगायची गरज आहे का? इथल्या कोर्टाला भारतातलं काय कळणार? — न्यू जर्सी

सांगायची गरज आहे, आणि पहिल्याच भेटीत. कायद्यातले शब्द ‘मालमत्ता कुठेही असो आणि कोणाच्याही ताब्यात असो’ अशा अर्थाचे आहेत. म्हणजे पुण्याचा फ्लॅट, एनआरई खातं, मुदत ठेव, गावची जमीन, सगळं यादीत आलं. आणि कळायचं म्हणाल तर तुमचं शेवटचं कर विवरणपत्र ट्रस्टीकडे मीटिंगच्या सात दिवस आधी जातं. परदेशात खातं आहे का, हा प्रश्न त्या विवरणपत्रातच असतो. भारतात दरमहा जाणारे पैसे बँकेच्या उताऱ्यात असतात. शपथेवर लपवलं आणि उघड झालं, तर एकाही कर्जाची माफी मिळत नाही आणि कर्जं तशीच राहतात. शिवाय तो फेडरल गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद.

खरं सांगितल्यावर मात्र बरेचदा मार्ग निघतो. फ्लॅटचे सगळे पैसे आईचे होते आणि तुमचं नाव सोयीसाठी होतं, तर ते दाखवणारे कागद जमवा : आईच्या खात्यातून बिल्डरला गेलेले पैसे, कर्ज असेल तर हप्ते कोणी भरले, मालमत्ता कर कोण भरतं. ‘दुसऱ्याची मालमत्ता तुमच्या नावावर किंवा ताब्यात आहे का’ असा प्रश्न फॉर्ममध्ये आहेच. कागद नसतील तर ट्रस्टी तुमचा हिस्सा धरणार, आणि तुम्ही राहत नसलेल्या घराला घराची सूट लागत नाही. पुण्यात जाऊन फ्लॅट विकणं ट्रस्टीलाही सोपं नाही; म्हणून हिश्श्याच्या किमतीवर तडजोड होऊ शकते. तशी शक्यता आधीच दिसली तर वकील चॅप्टर १३ सुचवेल, आणि मग त्या सुचवण्याला अर्थ असेल.

इथे एक सापळा आपल्याच लोकांचा. वडील गेल्यावर सातबारावर वारसांची नावं लागतात आणि बहीण भावाला हक्कसोडपत्र करून देते. २००५ च्या दुरुस्तीपासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. त्यामुळे असं हक्कसोडपत्र म्हणजे इथल्या ट्रस्टीच्या नजरेत मालमत्ता फुकट देऊन टाकणं. बँकरप्सी कायदा दोन वर्षं मागे बघतो आणि बऱ्याच राज्यांचे कायदे चार. पुढच्या सुट्टीत भारतात जाऊन सही करायचं ठरलं असेल, तर अर्जाआधी करू नका आणि वकिलाला विचारल्याशिवाय नंतरही नाही. अर्जानंतर १८० दिवसांत वारसा मिळाला तर तोही कळवावा लागतो.

भावाचे उसने पैसे ‘आधी घरचे फेडू’ म्हणून परत केलेत? नातेवाइकाला वर्षभरात फेडलेलं कर्ज ट्रस्टी परत मागू शकतो, आणि तो मागतो भावाकडून. बाहेरच्यांच्या बाबतीत हीच मुदत ९० दिवसांची आहे.

सोन्याचं सांगायचं तर फेडरल यादीत दागिन्यांना २,१२५ डॉलरची सूट आहे. तिच्या जोडीला कशालाही लावता येणारी ‘वाइल्डकार्ड’ सूट : १,६७५ आणि घराची सूट वापरली नसेल तर त्यातले १५,८०० पर्यंत. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला एकूण १७,४७५ चा आधार होतो, आणि नवरा-बायको दोघं मिळून अर्ज करत असतील तर दोघांना वेगवेगळा. न्यू जर्सीत फेडरल यादी निवडता येते. किंमत आज विकलं तर हातात येईल ती धरायची, घडणावळ नाही. प्रत्येक दागिन्याचं वजन ग्रॅममध्ये लिहून, फोटो काढून वकिलाला द्या. सोन्याचा भाव चढला की गेल्या वर्षी सूट-मर्यादेत बसणारे दागिने या वर्षी बाहेर जातात, तेव्हा हिशोब अर्जाच्या आठवड्यातल्या भावाने करा. अर्ज फक्त नवऱ्याचा असेल तर बायकोचं स्त्रीधन तिचंच. टेक्सास, कॅलिफोर्नियासारख्या सामाईक मालमत्तेच्या राज्यांत मात्र कोणता दागिना भेट म्हणून मिळाला आणि कोणता लग्नानंतरच्या कमाईतून घेतला, हे वेगळं दाखवावं लागतं.

भारतीय पीएफ आणि पीपीएफला इथल्या ४०१(के) या निवृत्तीच्या खात्यासारखं संरक्षण आपोआप मिळत नाही. हे माहीत नसलेले वकील पुष्कळ आहेत. ‘परदेशातली मालमत्ता असलेल्या किती केसेस केल्यात?’ हा प्रश्न तुमच्यासाठी फीच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा, आणि त्याच्या उत्तरासाठी दोन-तीनशे डॉलर जास्त गेले तर जाऊ द्या.

मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. मला अर्ज करता येतो का? व्हिसावर परिणाम होतो का? फुकट वकील मिळतो का? — इलिनॉय

अर्जाला नागरिकत्व लागत नाही. इथे राहणं, व्यवसाय किंवा मालमत्ता पुरते. व्हिसा किंवा ग्रीन कार्ड नाकारण्याच्या कायद्यातल्या कारणांत बँकरप्सी नाही. थकवलेला कर आणि खोटी माहिती या वेगळ्या गोष्टी, त्यांचा त्रास होतो. म्हणून सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी अर्धा तास बोलून घ्या. केवळ बँकरप्सी केली म्हणून चालू नोकरीवरून काढायला खासगी कंपनीला मनाई आहे. नव्या खासगी नोकरीच्या बाबतीत मात्र बहुतेक कोर्टं हे संरक्षण लावत नाहीत.

फुकट वकिलाचं अवघड आहे. फेडरल ‘लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन’च्या पैशावर चालणाऱ्या संस्थांना एच-१बी धारकाची केस सहसा घेता येत नाही, उत्पन्न कितीही कमी असलं तरी. लॉ स्कूलची क्लिनिक आणि स्थानिक बारचे मोफत सल्ल्याचे कार्यक्रम यांना ती अट नसते, तिथे विचारा. कोर्टाची फी चार हप्त्यांत भरायची परवानगी मागता येते. चॅप्टर ७ मध्ये उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १५० टक्क्यांच्या आत असेल तर माफीचाही अर्ज करता येतो.

भारतातल्या बँकेचं शैक्षणिक कर्ज आहे, वडील जामीनदार. इथे बँकरप्सी केली तर तेही जाईल का? — कॅलिफोर्निया

वडिलांच्या डोक्यावरून जाणार नाही. माफी मिळते ती अर्ज करणाऱ्याला. जामीनदाराची जबाबदारी तशीच राहते, आणि घर तारण असेल तर तेही तारणच राहतं. बँकेचं इथे काहीच अस्तित्व नसेल तर इथल्या आदेशाने ती तिकडे थांबेल असं धरून चालू नका. शैक्षणिक कर्ज तर इथलं असलं तरी सहजी माफ होत नाही, त्यासाठी वेगळा दावा लावून हलाखी सिद्ध करावी लागते. तरीही ते कर्ज यादीत दाखवायचंच. इथली कार्डं संपवून त्या बचतीतून भारतातलं कर्ज फेडणं, हा पुष्कळांच्या बाबतीत खरा हिशोब असतो. वकिलाला तो मांडून दाखवायला सांगा.

वकिलापेक्षा कर्ज तडजोड करणारी कंपनी बरी नाही का? निम्म्यात मिटवून देतो म्हणतात. — न्यू जर्सी

फोनवर विकल्या जाणाऱ्या अशा सेवेला काम होण्याआधी फी घ्यायला २०१० पासून फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमाने बंदी आहे. आगाऊ मागत असेल तर तिथेच विषय संपला. नियम पाळणारी असली तरी हिशोब पुरा करा. निम्मी रक्कम, अधिक कंपनीची फी, अधिक माफ झालेल्या रकमेवरचा कर. ६०० डॉलर किंवा त्याहून जास्त माफ झालं की कार्ड कंपनी माफ केलेल्या कर्जाचा १०९९-सी हा कराचा फॉर्म पाठवते आणि ती रक्कम उत्पन्न धरली जाते. त्या वेळी तुमची देणी मालमत्तेपेक्षा जितकी जास्त असतील तेवढ्या मर्यादेत फॉर्म ९८२ भरून सुटका होते. बँकरप्सीत माफ झालेल्या कर्जावर असा कर लागत नाही. शिवाय तडजोड चालू असताना कार्ड कंपनीला दावा लावण्यापासून कुणीही अडवत नाही.

ज्यांचे पैसे द्यायचेत ते एक-दोनच असतील आणि हातात एकरकमी पैसे असतील, तर तडजोड स्वतःच करा. फोन तुम्हालाही करता येतो.

वकिलाला निम्मी फी दिली. दोन महिने झाले, फोन उचलत नाही. पैसे गेले का? — कॅलिफोर्निया

अर्ज दाखल झाला का, हे आधी पेसरवर स्वतः बघा. झाला नसेल तर लेखी पत्र पाठवा : काम थांबवा, फाइल द्या, झालेल्या कामाचा तपशील द्या आणि न कमावलेली फी परत करा. करारात ‘परत मिळणार नाही’ लिहिलं असलं तरी न केलेल्या कामाचे पैसे ठेवून घेणं सहसा टिकत नाही. दाद मिळाली नाही तर फीच्या वादासाठी लवाद असतो; कॅलिफोर्नियात आणि न्यू जर्सीत अशिलाने तो मागितला तर वकिलाला नाकारता येत नाही. शिस्तभंगाची तक्रार बारकडे वेगळी.

अर्ज झाला असेल तर आणखी एक दार उघडं असतं. फी कामाच्या मानाने जास्त वाटली तर बँकरप्सी कोर्ट ती कमी करून परत करायला लावू शकतं. यू.एस. ट्रस्टीच्या, म्हणजे या केसेसवर देखरेख करणाऱ्या सरकारी, कचेरीला कळवा. अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलिनात हे काम बँकरप्सी ॲडमिनिस्ट्रेटर बघतो. नवा वकील नेमला तरी जुन्याला कोर्टाच्या नियमाप्रमाणे केसमधून बाहेर पडावं लागतं, तोवर मुदती चालूच असतात. त्यातली सगळ्यात जास्त चुकणारी मुदत दुसऱ्या कोर्सची. चॅप्टर ७ मध्ये ट्रस्टीच्या मीटिंगच्या पहिल्या ठरलेल्या तारखेपासून ६० दिवसांत प्रमाणपत्र गेलं नाही तर केस माफीशिवाय बंद होते, आणि ती पुन्हा उघडायला कोर्टाचे २६० डॉलर लागतात, वकील वेगळा. कोर्स दोन तासांचा, ऑनलाइन असतो. तो करायला वकिलाच्या फोनची वाट बघू नका.

वकिलाशिवाय करता येईल का? — एक वाचक

चॅप्टर ७, भाड्याचं घर, नोकरदार, फक्त कार्डं आणि दवाखान्याची बिलं, मालमत्ता सूट-मर्यादेच्या आत, भारतात काहीही नाही : करता येतं. ‘अपसॉल्व्ह’ ही ना-नफा संस्था अशा साध्या केसेससाठी फॉर्म भरायचं साधन फुकट देते. कोर्स आणि कोर्टाची फी हेच खर्च. पैसे घेऊन फॉर्म टाइप करून देणारे ‘पिटिशन प्रिपेअरर’ वकील नसतात आणि कोणती सूट घ्यावी हे सांगायला त्यांना मनाई आहे. म्हणजे नेमकं जे कळत नाही तेच ते सांगू शकत नाहीत. घर, धंदा, गेल्या वर्षभरात नातेवाइकांशी केलेले व्यवहार किंवा चॅप्टर १३ असेल तर वकील घ्या.